उघडी गाडी सव्वा लाखाची

रत्नागिरीत माणूस आधी घर बांधतो, मग त्यावर स्लॅब टाकतो, आणि दोन पावसाळे ओल सोसून झाली की त्या स्लॅबवर पत्र्याची शेड घालतो. बरं, गच्चीवर पत्रा घालून आम्ही थांबत नाही. विहिरीच्या पंपावर पत्रा, स्कूटरवर पत्रा, मागच्या दारच्या पायरीवर पत्रा. जिथे पत्रा पोचत नाही तिथे निळं प्लॅस्टिक. मे महिना संपत आला की निम्मं गाव दुकानांसमोर उभं राहून हे प्लॅस्टिक मीटरवर मोजून घेत असतं. अशा गावात, निवृत्तीनंतर हातात थोडे पैसे आल्यावर, मी टप नसलेली गाडी शोधायला निघालो.

त्यातून मी भूगोलाचा मास्तर. अरबी समुद्रावरून येणारे बाष्पयुक्त वारे सह्याद्रीला अडतात, वर चढतात, थंड होतात आणि कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पाडतात. याला प्रतिरोध पर्जन्य म्हणतात. फळ्यावर डोंगराची आकृती काढून, निळ्या खडूने तिरप्या रेघा मारून हे मी इतक्या तुकड्यांना शिकवलं आहे, की आता रत्नागिरीत कुठल्याही दुकानात शिरलो तरी गल्ल्यावर बसलेला माणूस ते मला उलट ऐकवू शकतो. या खरेदीच्या निमित्ताने बहुतेकांनी ते ऐकवलं.

उघड्या गाडीचं वेड डोक्यात शिरलं ते ‘आराधना’मुळे. १९६९ चा सिनेमा. मी पाहिला बऱ्याच उशिरा. दार्जिलिंगची छोटी रेल्वे, खिडकीत शर्मिला टागोर, आणि शेजारच्या रस्त्यावरून उघड्या जीपमधून जाणारा राजेश खन्ना. त्या जीपचं स्टिअरिंग सुजितकुमारच्या हातात आहे आणि राजेश खन्ना नुसता बसला आहे, हा तपशील मी कधी मनावर घेतला नाही. आयुष्यभर स्वतःला राजेश खन्ना समजत आलो आणि वाट्याला काम आलं सुजितकुमारचं. उरलंसुरलं वेड कोल्हापूरने लावलं. दसऱ्याला दसरा चौकात छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक येते. ती पाहायला एकदा गर्दीत टाचा उंचावून उभा होतो. काय तो रुबाब! ही गाडी दसऱ्याला बाहेर निघते, म्हणजे पाऊस गेल्यावर, ही गोष्ट माझ्यासारख्या भूगोलवाल्याच्या तरी लक्षात यायला हवी होती.

बायकोला सांगितलं तेव्हा तिने व्यवहाराचा प्रश्न विचारला. “टप नाही म्हणजे तेवढी स्वस्त मिळत असेल ना?” मी तिला नव्या गाड्यांच्या किमती वाचून दाखवल्या. बीएमडब्ल्यूची झेड-४ होती, मिनीची कन्व्हर्टिबल होती. बटण दाबलं की टप आपोआप घडी होऊन मागे जातो. किंमत तेव्हा अर्ध्या कोटीच्या आसपास सुरू होत होती. “अहो, टप काढायचे एवढे पैसे घेतात?” ती म्हणाली. “आपल्या बागेतला माकडांनी फुकट काढला असता.” आमच्या आंब्याच्या बागेतल्या राखणीच्या खोपटीची कौलं त्या वर्षी वानरांनी उतरवली होती, त्याचा हा उल्लेख.

या बाबतीत एक योगायोग मात्र मला फार आवडतो. कार्ल बेंझने आपल्या मोटारगाडीचं पेटंट घेतलं ते १८८६ साली. तीन चाकं, एक बाक, टप नाही. त्याच १८८६ साली इंग्रजांनी ब्रह्मदेशच्या पकडलेल्या थिबा राजाला रत्नागिरीत आणून ठेवलं. पुढे त्याच्यासाठी राजवाडा बांधला, तो आजही आहे. इंग्रजांना राजाचं राज्य काढून घेताना काही वाटलं नाही, पण रत्नागिरीत त्याला ठेवायचं म्हटल्यावर त्यांनी त्याच्या डोक्यावर चांगलं उतरतं, कौलारू छप्पर दिलं. शत्रूलासुद्धा इथे कोणी उघड्यावर ठेवत नाही.

परदेशी गाड्यांचा नाद मी लगेच सोडला. एक तर पैसे नाहीत. दुसरं म्हणजे त्या गाड्या रस्त्यापासून वीतभर उंचीवर असतात आणि आमच्याकडचे गतिरोधक आपापल्या मर्जीने उगवतात. राहिली थार. २०२० च्या गांधी जयंतीला नवी थार बाजारात आली तेव्हा तिच्यात कापडी टप मागे पाडता येईल असाही प्रकार होता. मी शोरूममध्ये गेलो. समोरचा विक्रेता उठून उभा राहिला आणि पाया पडला. दहावी ब. त्याने चहा मागवला, माहितीपत्रक माझ्यासमोर ठेवलं आणि हळूच टणक टपाच्या पानावर उघडलं. मी पान उलटून कापडी टपावर आणलं. त्याने पुन्हा उलटलं. “सर,” तो शेवटी म्हणाला, “प्रतिरोध पर्जन्य.” विकायला बसलेला माणूस घेऊ नका म्हणतोय, हे दृश्य मी तरी पहिल्यांदाच पाहत होतो. किंमत दहा लाखांच्या वर निघाली, तेव्हा त्याचा सल्ला मला एकदम पटला.

म्हणजे जुनी गाडी. इथे माझा न्यू जर्सीतला पुतण्या कामी आला. त्याच्याकडे माझदाची मिआटा आहे. १९८९ पासून ही दोन माणसांची उघडी गाडी जगात इतकी खपली, की त्या जातीच्या दुसऱ्या कुठल्याच गाडीला ते जमलेलं नाही. आपल्याकडे ती विकत नाहीत. त्याने फोनवर मला रीतसर शिकवणी दिली. “काका, उघडी गाडी घेताना इंजिन नंतर बघायचं, आधी टप बघायचा. टप स्वतः उघडायचा, स्वतः लावायचा. सीटखालच्या सतरंजीत हात घालून ओल बघायची. नाक लावून वास घ्यायचा. मागची प्लॅस्टिकची खिडकी पिवळी पडली आहे का बघायचं. मग टप लावून गाडी पाण्याच्या फवाऱ्याखाली उभी करायची आणि आत बसून राहायचं. आणि घ्यायची ती हिवाळ्यात. बर्फात उघड्या गाडीला कुत्रं विचारत नाही, भाव उतरतात.” मी सगळं वहीत लिहून घेतलं. हिवाळा म्हणजे जानेवारी, असं पुढे कंसात मीच लिहिलं. त्यांचा बर्फ म्हणजे आपला आषाढ, हे भाषांतर माझ्याकडून राहून गेलं.

जुन्या गाड्यांच्या बाजाराची बोली वेगळीच असते. तिथे प्रत्येक गाडी ‘सिंगल हँड’ असते. प्रत्येकीला ‘एक रुपयाचं काम’ नसतं. आणि निम्म्याहून जास्त गाड्या डॉक्टरांच्या असतात. महाराष्ट्रातल्या समस्त डॉक्टरांनी दवाखाना सोडून आयुष्यभर फक्त गाड्या वापरल्या असाव्यात आणि त्याही फक्त रविवारी, असं एजंटांकडे दोन दिवस बसलं की वाटायला लागतं. मास्तरची गाडी म्हणून एकही गाडी कोणी मला दाखवली नाही. एकाला मी कारण विचारलं. “मास्तर लोक विकत नाहीत, सर,” तो म्हणाला. “चालतच नाही मग.”

बाजारात उतरायचं तर शस्त्र हवं. गाडीचा पत्रा गंजला की रंगारी त्यात लांबी भरतात, घासतात आणि वर रंग मारतात. वरून काही कळत नाही. पण लोहचुंबक पत्र्याला चिकटतो, लांबीला चिकटत नाही. समुद्राकाठच्या गाड्यांना ही परीक्षा फार महत्त्वाची, कारण खारा वारा पत्रा आतून खातो. माझ्याकडे फ्रिजच्या दारावरचा एक चुंबक होता, गणपतीपुळ्याला घेतलेला, त्यावर छोटा गणपती. तो खिशात टाकून मी हिंडायला लागलो. परटवण्यात एका गाडीच्या दारावर गणपती चिकटला, खाली सरकवला तर पडला, पुन्हा वर चिकटवला तर चिकटला. मालक हात जोडून उभा. त्याला वाटलं मी काहीतरी विधी करतोय.

या चुंबकाने माझी खरी फजिती केली ती म्हापशाला. तिथे एक सॅन स्टॉर्म विकाऊ असल्याचं कळलं. नव्या पिढीला हे नाव माहीत नसेल. १९९८ च्या सुमाराला ही दोन माणसांची उघडी गाडी आपल्याच देशात तयार झाली. रेनॉचं ११४९ सीसीचं इंजिन, दिसायला अगदी टुमदार. फार खपली नाही. मी बसने गेलो, गाडीभोवती एक प्रदक्षिणा घातली आणि गणपती बॉनेटवर लावला. घसरला. दारावर लावला. घसरला. मागे, पुढे, चाकावरच्या कमानीवर, कुठेच टिकेना. मी मालकाकडे वळून, वर्गात कॉपी पकडल्यावर काढायचो तो आवाज काढला. “अहो, या गाडीत पत्रा उरलाच नाही! नुसती लांबी आहे!” मालक म्हातारा, सज्जन गोंयकार. त्याने मला पुरतं बोलू दिलं आणि मग सांगितलं, “सर, गाडी फायबरची आहे. कंपनीनेच पत्रा घातलेला नाही.” तरी अब्रू राखायला मी विचारलं, “समोरची काच फुटली तर कुठे मिळते?” तो म्हणाला, “फोडूं नाका.”

इकडे माझ्या शोधाची बातमी मिरजोळ्याच्या एमआयडीसीत पोचली होती. तिथे माझा एक विद्यार्थी गॅरेज चालवतो. त्याने निरोप पाठवला, “सरांना म्हणावं कशाला वणवण करताय? जुनी मारुती आणा, टप कापून देतो. ग्राइंडर आहे.” मी हुरळून गेलो. गेलो तर तिथे एक वयस्कर मेस्त्री विडी ओढत बसलेले. त्यांनी शेजारच्या टपरीवरून बिस्किटांचा रिकामा खोका मागवला, झाकणं चिकटवलेलीच होती. “पिळा,” म्हणाले. मी पिळून पाहिला, ताठ होता. मग त्यांनी कानशीच्या टोकाने वरची बाजू कापून काढली. “आता पिळा.” खोका माझ्या हातात वेडावाकडा झाला. साध्या मोटारीला खाली वेगळी चौकट नसते. तळ, खांब आणि टप मिळून तिचं हाड बनतं. टप कापला की गाडी मधे खचते, पहिल्या खड्ड्यात दारं उघडतात आणि मग लागत नाहीत. उघड्या गाड्या बनवणाऱ्या कंपन्या म्हणूनच तळाला जादा पोलाद घालतात, आणि टप नसलेली गाडी टप असलेलीपेक्षा बहुधा जड भरते. जीपचं तसं नाही, तिच्या खाली शिडीसारखी भक्कम चेसिस असते, वर काय आहे नि काय नाही याची तिला पर्वा नसते. “आणि कापलीत तरी पासिंग कोण करणार?” मेस्त्रींनी शेवटचा झुरका घेतला. तेही खरं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे. नोंदणीच्या वेळी कंपनीने जी गाडी दिली तिच्यात असला फेरफार चालत नाही, असं २०१९ साली सुप्रीम कोर्टानेही सांगितलं आहे. विद्यार्थ्याने ग्राइंडर गुपचूप खाली ठेवला. वर्गातही तो असाच उत्साही होता आणि गणितात असाच नापास.

तर जीप, हे ठरलं. १९४० च्या दशकात मुंबईत महिंद्रांनी विलीज जीप जोडायला घेतल्या, तेव्हापासून या देशात सर्वसामान्य माणसाची उघडी गाडी म्हणजे जीपच. तलाठी तिच्यात बसला, कलेक्टर बसला, निवडणुकीत कर्णे बांधले गेले आणि एरवी माणसं कोंबून वडाप चाललं. मला ती मिळाली कोल्हापुरात. जानेवारीत, लख्ख उन्हात. कंपनीचं नाव सांगत नाही. ही जीप इतक्या हातांतून गेली आहे की आता कंपनीलाही ती ओळखू येणार नाही.

“डॉक्टरांची गाडी आहे,” एजंट म्हणाला. मी बारकाईने पाहिलं. मागे चढायला जादा लोखंडी पायरी वेल्डिंग केलेली होती. मागच्या उभ्या दांड्याचा रंग माणसाच्या मुठीच्या उंचीवर पार गेला होता आणि तिथलं लोखंड चकचकीत झालं होतं. बाकाखाली तंबाखूच्या पुड्यांचे कागद. “डॉक्टरांकडे पेशंट बरेच येत असावेत,” मी म्हणालो. एजंट हसला नाही. गणपती लावून पाहिला, सगळीकडे चिकटला. चेसिस नंबरावर कागद ठेवून पेन्सिल घासली, आरसी बुकातल्या नंबराशी ताडून पाहिला, जुळला. बोजा नव्हता. पंधरा वर्षं उलटून गेलेली, पण फेरनोंदणी झालेली आणि पर्यावरण कर भरलेला. मनातल्या मनात मी स्वतःची पाठ थोपटली.

“आणि हूड?”

हूड मागच्या बाकावर घडी घालून सुतळीने करकचून बांधलेला होता. एजंटने त्यावर प्रेमाने थाप मारली. “कोरा आहे, सर. एकदासुद्धा उघडलेला नाही.” मीही थाप मारली. कापड जाड होतं, वास नवा होता. पुतण्याची वही माझ्या शबनममध्ये होती. तीत पहिल्याच ओळीत ‘टप स्वतः उघडायचा’ असं लिहिलेलं होतं. पण ऊन इतकं छान पडलं होतं! दीड लाखावरून सुरुवात झाली, ‘फायनल बोला’पर्यंत आली आणि सव्वा लाखावर हात मिळाले. एक रुपयाचं काम नाही, असं त्याने जाताना पुन्हा सांगितलं. तो खोटं बोलला नाही. एक रुपयात होईल असं काम त्या गाडीत एकही नव्हतं.

परतीचा प्रवास मात्र असा झाला, की पैसे वसूल झाले असं मी आजही म्हणतो. बायको शेजारी, डोक्याला स्कार्फ. गळिताचा हंगाम, उसाच्या ट्रॉल्यांमागून जाताना पाचट उडून आमच्या मांडीवर पडत होतं. मलकापूर सोडलं, हवा गार झाली. आंबा घाटात पोचलो तेव्हा उन्हं कलली होती आणि वर झाडांच्या फांद्यांमधून आभाळाची पट्टी आमच्याबरोबर वळत चालली होती. बंद गाडीत घाट समोरून दिसतो. उघड्या गाडीत तो डोक्यावरून जातो. मी भावनेच्या भरात शीळ घातली. बायको म्हणाली, “समोर बघा.” चहाला थांबलो. कोल्हापुरातून घेतलेला गुळाचा रवा सीटवर होता. वळून पाहतो तर ड्रायव्हरच्या जागेवर एक दांडगं वानर, एक हात स्टिअरिंगवर, दुसऱ्या हातात गूळ. मी काठी शोधायला लागलो. बायकोने चहाचा घोट घेतला आणि शांतपणे विचारलं, “काय म्हणतंय? घेतंय का?”

साखरपा, पाली करत हातखंब्याला आलो आणि महामार्गाच्या कामाची तांबडी धूळ सुरू झाली. पुढे डंपर. घरी पोचलो तेव्हा शेजारच्या छोट्या मुलाने मला ओळखलं नाही आणि बायकोने ओळख दिली नाही.

गावच्या देवळात गाडी नेली. गुरवाने नारळ ठेवला आणि गाऱ्हाणं घातलं. गाडीला अपघात होऊ देऊ नको, मास्तरांच्या मागची इडापीडा टाळ, सगळं यथासांग झालं. मग त्याने डोळे उघडून जीपकडे पाहिलं, पुन्हा मिटले आणि स्वतःच्या मनाने भर घातली, “आणि म्हाराजा, वरचं छप्पर बिप्पर काय नाय, तर तूच काय ता बघून घे!” जमलेल्या मंडळींनी नेहमीपेक्षा मोठ्याने “होय म्हाराजा” म्हटलं.

चार महिने मी राजा होतो, फक्त प्रजा फार जवळ होती. बंद गाडीत काच वर केली की ओळखीचा माणूस टाळता येतो. उघड्या गाडीत मारुती मंदिरापासून जयस्तंभापर्यंत जाणं म्हणजे सभाच. “सर, पंखा जरा कमी करा!” “सर, लग्न कुणाचं?” ज्याला त्याला लिफ्ट हवी, आणि गाडी भरली आहे हे सांगायची सोय नाही, दिसतंच सगळं. बाजारातून परत यावं तर गाडीत नारळाची पिशवी ठेवलेली असायची आणि वर चिठ्ठी, “नाचण्याला जाताना आमच्याकडे टाका.” एकदा एक म्हातारी मागच्या बाकावर मासळीची पाटी घेऊन ऐसपैस बसलेली. मी जवळ गेल्यावर तिने विचारलं, “पोरा, गाडी कदी सुटणार?” गाडीचा पूर्वेतिहास एजंटला लपवता आला, पण त्या म्हातारीने वास घेऊन ओळखला असावा. तिला भाट्याच्या पुलापर्यंत सोडलं. उतरताना तिने दहा रुपये हातावर ठेवले. या गाडीने मला मिळवून दिलेली ही एकमेव रक्कम.

मासळीवरून आठवलं. मिरकरवाड्याहून निघालेल्या मच्छीच्या ट्रकमागे उघड्या गाडीत कधीही जाऊ नये. ट्रकमधून बर्फाचं पाणी ठिबकत असतं, वळणावर त्याचा फवारा होतो, आणि पुढचे दोन दिवस मांजरं तुमच्याशी फार आदराने वागतात.

मग मृग आला. आभाळ भरलं, मी सुतळी सोडली आणि हूड पसरला. कापड कोरं होतं, शिवण पक्की होती, एजंटचा शब्दन्‌शब्द खरा होता. फक्त तो हूड आमच्या जीपचा नव्हता. दुसऱ्या कुठल्यातरी लांब जीपचा होता. एकदाही उघडलेला नव्हता, कारण कुठल्याही मालकाला तो या गाडीवर बसवताच आला नसता. पुढून लावला तर मागे हातभर लोंबायचा, मागून लावला तर समोरच्या काचेवर यायचा. कमानी आखूड, बकलं भलत्याच जागी. पावसाचे पहिले टपोरे थेंब बॉनेटवर वाजायला लागले तेव्हा मी त्या कापडाच्या आत कुठेतरी होतो आणि बायको बाहेरून विचारत होती, “सापडलात का?”

हूड शिवणारा म्हणजे सीट कव्हरवाला, तोही विद्यार्थी. पण जूनमध्ये त्याच्याकडे गाडीचं काम घेऊन जाणं म्हणजे दिवाळीच्या आदल्या दिवशी शिंप्याकडे जाणं. १ जूनपासून दोन महिने मासेमारी बंद. होड्या किनाऱ्यावर ओढलेल्या, त्यांच्या ताडपत्र्या शिवायला रांग लागलेली. “सर, तुम्हीच शिकवलंत ना,” त्याने सुई न थांबवता सुरुवात केली. मी म्हटलं, “हो, हो, प्रतिरोध. शिव आता.” चांगलं कापड संपलं होतं. होड्यांचं होतं ते उरलं होतं. निळं. त्याच कापडाचा हूड शिवून मी घरी आलो. शेजाऱ्यांनी पाहिलं आणि समाधानाने मान हलवली. गाव जे अंगणातल्या लाकडांवर घालतं ते शेवटी माझ्या गाडीवरही आलं होतं.

आता गळण्याविषयी. माझा समज असा होता की पाऊस वरून येतो. भूगोलाच्या पुस्तकातही तसंच आहे. जीपमध्ये तो समोरच्या काचेची चौकट आणि हुडाची कड यांच्यामधल्या फटीतून येतो, तिथून धार धरून चालवणाऱ्याच्या उजव्या गुडघ्यावर पडतो, तिथून मोज्यात जातो. गाडी थांबवली की धार बायकोच्या बाजूला जाते, म्हणून ती मला सिग्नललाही थांबू देत नाही. तळात पाणी साचायला लागलं तेव्हा मेस्त्रींनी दाखवलं, की जुन्या जीपच्या तळाला मुळातच भोकं असतात, पाणी वाहून जावं म्हणून. आधीच्या कोणीतरी त्यांत रबरी बुचं ठोकली होती. बुचं काढली. साचलेलं पाणी गेलं आणि साळवी स्टॉपच्या तळ्यातून गाडी काढताना रस्त्यावरचं पाणी त्याच भोकांतून वर आलं. बुचं का ठोकली होती हे कळलं. आता आम्ही बुचं खिशात ठेवतो आणि रस्ता बघून लावतो-काढतो. बायको धावत्या गाडीत, हुडाखाली, छत्री उघडून बसते. एकदा ट्रॅफिक पोलिसाने थांबवलं, बराच वेळ आत पाहिलं, कागदपत्रं मागायचं विसरला आणि “सावकाश जा, काका” म्हणाला.

कागदांवरून एवढंच सांगतो, की गाडी एमएच ०९ ची असेल आणि तुम्ही एमएच ०८ चे असाल, तर आधी तिकडच्या आरटीओचं ना हरकत म्हणजे फॉर्म २८, मग २९ आणि ३०, हे विकणाऱ्याच्या सह्यांसकट हातात आल्याशिवाय शेवटचे पैसे देऊ नका. हे काम माझं बिनबोभाट झालं. पावसाला कागद लागत नाहीत, म्हणून तिथे गडबड झाली.

आणि तुम्हाला खरोखरच घ्यायची असेल, तर आषाढात जा. भाव पडलेला असतो, मालक कंटाळलेला असतो आणि गाडी काही लपवू शकत नाही. हूड स्वतः चढवा, प्रत्येक बटण स्वतः लावा आणि भर पावसात आत अर्धा तास बसून राहा. मालक ‘पाऊस जरा उघडू दे, मग दाखवतो’ म्हणाला, तर त्याच्याकडचा चहा घ्या आणि घरी या.

शेवटी एक विनंती. कुणाच्या पडवीत किंवा माळ्यावर जुन्या जीपच्या हुडाची पितळी बकलं पडून असतील, तर मला कळवावं. उजव्या बाजूची हवी आहेत, दोन कमी आहेत. पैसे रोख देईन. आंबे हवे असतील तर मेपर्यंत थांबावं लागेल.